ठाण्याच्या किल्ल्यात ड्रॅक्युला का नाही?

धुके, ओसाड गढी, वळणावळणाचा जिना, हातात मेणबत्ती धरून निघालेली बाई आणि या सगळ्यामागे व्हिक्टोरिया राणीचा काळ. अशा गोष्टी इंग्रजीत ढिगाने आहेत. त्या वाचणाऱ्या किंवा नुसत्या मालिकांमधून पाहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी प्रश्न पडतोच: हे आपल्याकडे का नाही? किल्ले काय कमी आहेत? भुते काय कमी आहेत? आणि व्हिक्टोरिया तर आपल्याही डोक्यावर बसली होती. २० जून १८३७ ते २२ जानेवारी १९०१ हा तिचा काळ. १८५८ पर्यंत कंपनी सरकारच्या आडून आणि पुढे थेट तिच्या नावाने ठाणे-कल्याणचा शेतसारा वसूल होत होता.

प्रश्नाचे छोटे उत्तर असे, की होते. मराठी कादंबरी जन्मली ती याच काळात, आणि तिच्या पहिल्या वीसेक वर्षांत भुयारे, कारस्थाने आणि संकटात सापडलेल्या नायिका यांचीच रेलचेल होती. फक्त या कादंबरीने आपला किल्ला भलत्याच शतकात नेऊन बांधला. तो तिकडे का गेला हे कळायला आधी गॉथिक या प्रकाराची ओळख करून घ्यावी लागेल.

१. बळद उघडते तेव्हा

गॉथिक कथेचा आरंभ १७६४ पासून धरतात. होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थाने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ नावाची गोष्ट छापली आणि ती आपली नसून एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर आहे, अशी थाप मारली. गोष्ट गाजल्यावर दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपले लेखकपण कबूल केले आणि तिला ‘गॉथिक’ हे बिरुदही चिकटवले. वरून कोसळून राजपुत्राला चिरडणारे अवाढव्य शिरस्त्राण, चौकटीतून उतरून चालू लागणारी तसबीर, भुयारातून जीव घेऊन पळणारी मुलगी असा सगळा मालमसाला तिच्यात आहे.

पण मसाला म्हणजे गॉथिक नव्हे. जुन्या वाड्याच्या भिंतीत बळद असे. बाहेरून भिंत भरीव दिसते, आत मात्र पोकळी, आणि तिच्यात पणजोबांनी काय ठेवले हे घरात कोणालाच धड ठाऊक नसते. गॉथिक कथा म्हणजे असे बळद फुटण्याची कथा. आधीच्या पिढीने दडवलेले पाप, बुडवलेला वारसाहक्क, कोंडून ठेवलेला माणूस पुढच्या पिढीसमोर येऊन उभा राहतो. त्यासाठी कोंडणारी एक जागा लागते, सत्ता हातात असलेला एक जण लागतो आणि बाहेर पडता न येणारा दुसरा. भूत असले तर बरेच, नसले तरी अडत नाही.

एक उदाहरण रचून पाहू. ठाण्याच्या किल्ल्याच्या बुरुजावर दर अमावास्येला दिवा दिसतो, अशी वदंता आहे असे समजा. वॉलपोल सांगेल, तो दिवा मेलेल्या किल्लेदाराचा आहे, आणि खरोखरच किल्लेदार कवट्या वाजवत खाली येईल. ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ ही कादंबरी १७९४ मध्ये लिहिणारी अ‍ॅन रॅडक्लिफ वाचकाला चारशे पाने घाबरवील आणि शेवटी उलगडा करील, की दिवा चोरटा माल उतरवणाऱ्यांचा होता. व्हिक्टोरियाच्या काळातला लेखक तिसरीच वाट धरील. त्याच्या गोष्टीत दिवा जेलरचा असेल; वर एक कैदी असेल ज्याचे नाव तुरुंगाच्या नोंदवहीत नाही, आणि ते का नाही याचे उत्तर एका मृत्युपत्रात सापडेल.

ही तिसरी वाट महत्त्वाची. एकोणिसाव्या शतकात भीती इटलीतल्या पडक्या गढीतून उठली आणि लंडनच्या राहत्या घरात, वकिलाच्या कचेरीत, वेड्यांच्या इस्पितळात येऊन बसली. विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये (१८५९-६०) भूत नाहीच. एका बाईची ओळख पुसून तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबलेले आहे, आणि ते कोणत्याही भुतापेक्षा भयंकर आहे.

आज लिहिली जाणारी व्हिक्टोरियन गॉथिक ऐतिहासिक कादंबरी याच वाटेने पुढे जाते. सेरा वॉटर्सच्या ‘अ‍ॅफिनिटी’चे (१९९९) उदाहरण घ्या. १८७० च्या दशकातला लंडनचा मिलबँक तुरुंग, तिथे शिक्षा भोगणारी, मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणारी बाई, आणि तिला भेटायला येणारी एक सुखवस्तू तरुणी. तेव्हाच्या लेखकांना जे उघड लिहिता येत नव्हते ते शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहायचे, हे या प्रकाराचे खरे काम.

२. रेल्वे, वाचनालय आणि रेनॉल्ड्स

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगरात बोगदे पाडून कल्याणला पोचले. माणसांबरोबर टपाल आले, टपालातून मासिके आणि पुस्तके. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांतले. म्हणजे इंग्रजी शिकलेला कारकून, मास्तर, वकील असा वाचकवर्ग या पट्ट्यात राणीच्या हयातीतच तयार झाला होता.

हा वर्ग इंग्रजीत काय वाचत होता? सरकारची इच्छा होती की त्याने शेक्सपिअर, मिल्टन आणि स्कॉट वाचावेत. परीक्षेपुरते त्याने ते वाचलेही. पण हिंदुस्थानभर ज्याच्यावर उड्या पडल्या तो लेखक होता जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९). त्याची ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४ पासून दर आठवड्याला एक पेनी किमतीच्या अंकांतून निघू लागली. खून, वेषांतर, तळघरे, बदफैली उमराव आणि नाडलेल्या गरीब मुली. लंडनच्या सभ्य दिवाणखान्यात रेनॉल्ड्सचे नाव घेणे कमीपणाचे मानत. तो राजकारणात जहाल होता, आणि उमरावांचे वाभाडे काढताना त्याची लेखणी जराही अडखळत नसे. इथल्या वाचकाला त्याच्यात नेमके काय आवडले असेल? रहस्य तर खरेच, पण गोऱ्या साहेबाच्या घरातली घाण एक गोराच चव्हाट्यावर मांडतो आहे, याचीही गोडी असणारच.

हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच नमुन्यावर बेतलेली होती. मराठी वास्तववादी कादंबरीचा पाया घालणाऱ्या माणसाने उमेदवारी केली ती पेनी अंकांच्या बादशहाकडे! पुढे गो. ना. दातारांनी तर रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी पोशाख चढवण्यात हयात घालवली. ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ ही नावे ऐकून आजही जुने वाचक सरसावून बसतात. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, तेव्हा भाषांतरित आणि उसन्या कादंबऱ्यांच्या या पिकाचा त्यांनी कडक समाचार घेतला. तो वाचताना मात्र एक शंका येत राहते. इतक्या बारकाईने झोडपायचे तर आधी ती पुस्तके वाचायला हवीत, आणि राजवाड्यांनी ती चांगलीच वाचलेली दिसतात.

३. गड सतराव्या शतकात का गेला

१८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ निघाली. विधवांच्या हालांवरची, अगदी तेव्हाच्या वर्तमानातली. पुढच्या लेखकांनी ती वाट सोडली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘रत्नप्रभा’ (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी वाचकाला राजवाडे, अरण्ये, कपटी कारभारी आणि विरहाने झुरणाऱ्या सुंदरींच्या प्रदेशात नेले. रिसबुडांनी तर नायकासाठी विमानाचीही सोय केली. हे का करावे लागले याची कैफियत त्यांनी प्रस्तावनेत दिली आहे, आणि ती गमतीची आहे तितकीच मार्मिक आहे. आपल्या लोकांची लग्ने आणि वागणूक अशी ठरीव, की खऱ्या आयुष्यावर लिहायचे तर वाचकाचे मन रमेल असे ना गुण सापडतात ना दुर्गुण, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ज्या समाजात नवरानवरीला एकमेकांना निवडण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे प्रेमकथेला लागणारे धोके आणायचे कुठून?

मग १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून येऊ लागली. ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. गड कल्पित, काळ मात्र शिवाजी महाराजांचा. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली ती मेडोज टेलरच्या टिपूवरील इंग्रजी कादंबरीवरून. आणि १८९५ पासून आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘उषःकाल’ सुरू करून ते आपल्या भूमीवर आले. भुयारे, गुप्त खलबते, वेषांतरे, बापलेकांमधला तणाव असे गॉथिकचे बहुतेक सामान ‘उषःकाल’मध्ये सापडते.

आता नवलाची गोष्ट पाहा. इंग्रजी गॉथिक व्हिक्टोरियाच्या काळात भूतकाळातून वर्तमानात आली. मराठी गॉथिक त्याच काळात वर्तमान टाळून भूतकाळात गेली. रिसबुडांनी सांगितलेले कारण त्यामागे आहेच, पण ते पुरेसे नाही.

दुसरे कारण किल्ल्यात आहे. इंग्रज वाचकासाठी गढी ही जुलमी सरदाराची, जुन्या अंधारयुगाची जागा. मराठी वाचकासाठी गड म्हणजे स्वराज्य. त्याच्या पडक्या तटावर उभे राहून त्याचे काळीज भीतीने नव्हे, अभिमानाने आणि हळहळीने धडधडते. गडावरचे भुयार मराठी कादंबरीत बंदिवानाला गिळत नाही, बहुतेक वेळा त्याला सोडवते.

तिसरे कारण सरळ सरळ सरकारी. गॉथिक कथेला सत्ताधारी खलपुरुष लागतो. वर्तमानात कथा ठेवायची तर तुरुंग कोणाचा, जेलर कोणाचा, फाशीचा हुकूम कोणाचा? राजद्रोहाचे १२४-अ कलम दंडविधानात आले १८७० मध्ये. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षे टिकला. टिळकांना १८९७ मध्ये १२४-अ खालीच शिक्षा झाली. अशा दिवसांत खलपुरुषाला विजापूरचा किंवा दिल्लीचा अंगरखा घालणे शहाणपणाचे होते. हे कोणत्याही लेखकाने लिहून ठेवलेले नाही, ठेवणारही नव्हता. पण तारखा शेजारीशेजारी मांडल्या की दुसरे काही सुचत नाही.

४. खरा किल्ला

आणि असे असताना ठाण्यात एक खराखुरा गॉथिक किल्ला उभा होता, आजही आहे. त्यावर मध्यवर्ती कारागृहाची पाटी आहे एवढेच.

किल्ल्याचे काम काढले पोर्तुगीजांनी. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ते हल्ला करून बळकावले. पुढे बाजीराव दुसऱ्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला इथे ठेवले. आरोप होता बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा. हा खून जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात झाला होता. कैदी निसटू नये म्हणून पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले. तिथेच फसगत झाली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराच्या चाकरीत एक मराठा मोतद्दार होता. तो घोडा फिरवताना, खरारा करताना त्र्यंबकजीच्या खिडकीखाली गाणे म्हणे. गाण्यात निरोप असे. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून त्र्यंबकजी तबेल्यात उतरला आणि नाहीसा झाला.

बिशप हेबर १८२५ मध्ये ठाण्याचे सेंट जेम्स चर्च पवित्र करण्यासाठी आला, तेव्हा ही हकिकत आणि ते गाणे त्याच्या कानावर आले. त्याने ते इंग्रजीत उतरवून प्रवासवर्णनात घातले, आणि लंडनचा वाचक ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट वाचू लागला. एका कैद्याची सुटका अशी इंग्रजी साहित्यात गेली. मराठी कादंबरीकारांनी मात्र तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही म्हटले तरी चालेल.

हे झाले व्हिक्टोरियाच्या आधीचे. तिच्या काळात किल्ल्याचा रंग आणखी गडद झाला. नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ मुलखात सावकार आणि सरकार यांच्याविरुद्ध उठलेला राघोजी भांगरे बैराग्याच्या वेषात पंढरपूरला पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. वासुदेव बळवंत फडके, ज्यांच्या शिक्षणाची काही वर्षे कल्याणात गेली होती, ते १८७९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर याच तुरुंगात होते. इथून त्यांना एडनला नेले. तिथल्या कोठडीचे दार त्यांनी बिजागऱ्यांतून उखडले आणि पळाले, पण पुन्हा पकडले गेले. १८८३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

वेषांतर, विश्वासघात, कोठडी, समुद्रापार नेलेला बंदिवान. रेनॉल्ड्सला हे कथानक मिळते तर त्याने शंभर अंक काढले असते.

५. नाव असलेली भुते

मग भुतांचे काय? इथे मराठी लेखकाची अडचण वेगळी होती. गॉथिक भूत अनोळखी असावे लागते. कोकणातले भूत ओळखीचे असते.

सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. धनावर जीव अडकलेला समंध, पाण्याकाठचा गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, सगळ्यांचा राजा वेताळ. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, मागणी ठरलेली आणि उताराही ठरलेला. कोंबडा, नारळ, दहीभात. ज्याच्याशी देवघेव करता येते त्याची भीती वाटते, पण त्याचे रहस्य राहत नाही, आणि रहस्य नसले की दोनशे पानांची कादंबरी ओढणे अवघड.

या भुतांची शिस्तशीर नोंद कशी झाली, ही स्वतंत्र कादंबरीची कथा आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार. त्याने लोकसमजुतींबद्दल प्रश्नावल्या काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे गोळा केली. ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांचीही त्यांत आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. जॅक्सनचे कागद पुढे आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने संपादित केले आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. भुतांची यादी करणारा आणि त्याला मारणारा, दोघेही यादी छापली जाण्याआधीच गेले होते.

६. कथानक १८९७ चे, गाव कल्याण

आज कोणी या पट्ट्यावर व्हिक्टोरियन गॉथिक कादंबरी लिहायला घेतली तर? काळ लांबचा उरलेला नाही, कायद्याची आडकाठी नाही. त्या काळच्या कल्याणकरांवर कसदार ऐतिहासिक कादंबरी होऊ शकते हे श्री. ज. जोशी यांनी ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) लिहून दाखवलेच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी कल्याणच्या जोशी घराण्यातल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्या गेल्या आणि त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, अमेरिकेतले त्यांचे यजमान असलेल्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. त्या कादंबरीत भूत नाही. हट्टी नवऱ्याची माया आणि त्याचा धाक यांची मिसळ मात्र अशी आहे, की कॉलिन्सनेही मान डोलावली असती.

सगळ्यात सोयीचे वर्ष १८९७. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला आणि लाखो लोक गाडीने, गलबताने, पायी बाहेर पडले. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरे उघडायचे, माणसे वेगळी ठेवायचे, प्रवासी तपासायचे अधिकार दिले. कल्याण हे जंक्शन. पुण्याकडे आणि नाशिककडे जाणाऱ्या गाड्या इथूनच फुटतात, त्यामुळे उतारूंची तपासणी इथे होई. सील केलेली घरे, गावाबाहेरच्या झोपड्या, नाडी पाहणारा अनोळखी हात. त्यातच २२ जूनला राणीच्या हीरक महोत्सवाची रोषणाई, आणि त्याच रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर झालेला गोळीबार. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’, म्हणजे गलबतातून उंदीर आणि मरण घेऊन येणाऱ्या परक्याची गोष्ट, लंडनला प्रसिद्ध झाली ती याच वर्षाच्या मे महिन्यात.

लेखकाने तारखा मात्र सांभाळाव्यात. पारसिकचा लांब बोगदा १९१६ चा; १८९७ मधली गाडी त्यातून नेता येणार नाही, ती मुंब्र्याच्या जुन्या वळणानेच जाईल. डोंबिवलीत वाडा, हवेली असले काही मांडू नये. भातखाचरे, आगरी-कोळ्यांची घरे आणि संध्याकाळनंतर मिट्ट काळोख एवढेच तिथे होते, आणि गोष्टीला ते पुरे आहे. शेवटची अडचण नायिकेची. तिला वेडी ठरवून डांबायचे तर आज कोणीही पटकन म्हणेल, ‘ठाण्याला पाठवा’. पण ठाण्याचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झाले. १८९७ मध्ये वेड्यांचे इस्पितळ होते कुलाब्याला. म्हणजे सगळी मुंबई कल्याणकडे पळत असताना या एका बाईला, दोन नातेवाइकांच्या पहाऱ्यात, जवळजवळ रिकाम्या गाडीतून उलट मुंबईकडे न्यावे लागेल. कथानकासाठी याहून सोयीची अडचण कोणी मुद्दाम रचली नसती.